मोठ्या मापाचे हातमोजे

काकूंनी डाव्या हातातला हातमोजा मनगटाकडे ओढला, बोटं त्याच्या टोकांपर्यंत नेली आणि कांद्याची पात धरली. धरेपर्यंत मोजा पुन्हा सुटला. प्रत्येक बोटापुढे अर्धा पेरभर रिकामं प्लास्टिक लोंबत होतं. पात धरायला गेलं की आधी ते प्लास्टिक चिमटीत यायचं, मग पात.

“बोटं अशी आत वळवायची,” त्या समोरच्या खुर्च्यांकडे बघत म्हणाल्या. “सुरीला सांधे दाखवायचे, नखं नाही. म्हणजे बोट कापत नाही.”

“काकू, जरा इकडे,” फ्रिजला टेकून उभे असलेले काका फोन पुढे करत म्हणाले. “हात थोडे वर घ्या. मोजे दिसू देत.”

काकूंनी हात वर केले. मोजे दिसले. फोटो निघाला आणि तिथल्या तिथे वर्गाच्या ग्रुपवर गेलाही. वर्गासमोर काका स्वतःच्या बायकोला काकू म्हणत आणि अहोजाहो करत. त्यात त्यांना व्यवसायाची शिस्त वाटायची. काकूंना ते ऐकलं की पोळपाट उचलून कुठेतरी आपटावासा वाटायचा, पण समोर माणसं बसलेली असत, आणि आपटायला तरी मोकळी जागा कुठे होती?

वर्ग काकूंचा होता. मुलं लहान असताना शेजारची एक जण केक शिकायला आली, तिने बहिणीला आणलं, बहिणीने जावेला, आणि असं करत करत रविवारची दुपार या स्वयंपाकघराच्या नावावर लागली. पुढे बाहेरची खोली आणि ओटा यांच्यामधली भिंत पाडली, खुर्च्या आल्या. एवढी वर्षं काका रविवारी दुपारी आतल्या खोलीत झोपायचे आणि वर्ग सुटला की उरलंसुरलं खायला उठायचे. निवृत्त झाले आणि त्यांची झोपच उडाली. काकूंनी बहिणीला फोनवर सांगितलं होतं, “आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ना, तो आता रोज सकाळी माझ्याकडून चहा मागतो.” काकांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगितलं होतं. काकांनी चहा मागणं काही थांबवलं नाही.

काकूंच्या वर्गाचा पहिला धडा हात धुण्याचा असे. त्या बोटातली अंगठी काढून बशीत ठेवत, बाह्या कोपरापर्यंत सारत, आणि सगळ्यांसमोर साबण लावत. पंज्याची मागची बाजू, बोटांच्या बेचक्या, अंगठा मुठीत धरून गोल, मग नखं तळव्यावर घासायची. त्यानंतर सगळ्यांनी रांगेने नळाशी यायचं. ज्याला कंटाळा असेल त्याने खुशाल बसून बघावं, पण पिठाला शिवायचं नाही. नवी माणसं हसायची, जुनी त्यांना गप्प करायची. चवीचं कौतुक काकू कानाआड करत. चव काय, दहा घरांतल्या सहा बायकांच्या हाताला असते. पण इतक्या वर्षांत आपल्या हातचं खाऊन कुणाच्या पोटात साधं दुखलंही नाही, हे त्या कुणी विचारलं नाही तरी सांगत. त्यांचं सगळं भांडवल तेच होतं, आणि ते त्यांनी स्वतःच्या हाताने जमवलेलं होतं.

मग एका रविवारी वर्गात नवीनच आलेल्या चष्मेवालीने विचारलं, “काकू, तुम्ही हातमोजे नाही वापरत? आजकाल सगळीकडे वापरतात.”

प्रश्न साधा होता. काकू उत्तर देणार एवढ्यात काका म्हणाले, “पुढच्या वेळेपासून.”

काकांचा जन्म एका कारखान्याच्या खरेदी खात्यात गेला होता. कुठलीही वस्तू एकटी विकत घेणं त्यांना कमीपणाचं वाटे. हातमोज्यांचा खोका आला तो पलंगाखाली मावेना. काकूंनी एक जोडी घालून बघितली आणि हात पुढे केला.

“हे मला होत नाहीत.”

“मोठं माप घेतलंय. मोठं सगळ्यांना होतं.”

“सगळ्यांना होतं म्हणजे कुणालाच नीट होत नाही. आणि घ्यायचेच होते तर निळे घ्यायचे. दुकानात निळे असतात ना? काही तुटलं, पडलं, तर दिसतं.”

“निळे दवाखान्यातले वाटतात, लोक बिचकतात. हे बघ, पारदर्शक. हात दिसतोही आणि झाकलेलाही राहतो.”

हात धुण्याची रांगही त्यांनी त्याच दिवशी बंद केली. मोजे आहेत तर धुवायचं कशाला, म्हणाले, फुकट वेळ जातो. काकू म्हणाल्या होत्या, “अहो, हाताला काही चिकटलं की हाताला कळतं आणि आपण तो धुतो. मोज्याला काय कळणार?” त्यावर काका म्हणाले, “लोकांना काय दिसतं ते महत्त्वाचं.” हे वाक्य काकूंच्या डोक्यात तेव्हापासून फिरत होतं. भांडी घासताना, कपडे वाळत घालताना, काकांना जेवायला वाढताना. त्या वाक्यावर चांगलं उत्तर त्यांना अजून सापडलं नव्हतं आणि त्याचाही राग होता.

आज भाज्यांचं सारण भरलेले पाव होते. कणीक मळून, फुगून तयार होती. परातीत बारीक चिरलेला कोबी, गाजर आणि पांढरा कांदा होता. ते सगळं सकाळी काकांनी चिरलं होतं. नव्या कारभारात ‘पूर्वतयारी’ हे खातं त्यांनी स्वतःकडे घेतलं होतं. काकूंनी त्यावर चिरलेली पात टाकली, मऊ चीज टाकलं आणि सारण कालवायला घेतलं. मधेच ओव्हनचा कान पिळला, फ्रिजचं दार उघडलं, घसरलेला केस मनगटाने मागे सारला, सगळं त्याच मोज्यांनी. त्यांना स्वतःलाच कसंतरी झालं. समोर चष्मेवालीने मोजा घातलेल्या बोटाने नाकावरचा चष्मा वर ढकलला आणि तोच हात पुन्हा कणकेत घातला.

“ताई, हात,” काकू म्हणाल्या.

“मोजे आहेत ना, काकू,” ती हसून म्हणाली.

 पूर्वी अशा वेळी काकू हातातला चमचा ओट्यावर ठेवून नळाकडे बोट दाखवत, आणि ज्याला सांगितलं तो मुकाट्याने उठे. आता बोट दाखवायचं कुठे?

पुढच्या खुर्चीत एक तरुण आई होती. तिची दोन वर्षांची मुलगी मांडीवरून सारखी खाली सरकत होती. पोरीने भोकाड पसरू नये म्हणून काकांनी वाटीत थोडं सारण काढून तिच्या हातात दिलं. तिने चमचा बाजूला टाकला आणि बोटांनी खायला सुरुवात केली.

“आवडलं बघा तिला,” आई म्हणाली.

“काकूंच्या हातचं आहे,” काका म्हणाले, आणि त्यांनी त्याचाही फोटो काढला.

काकूंनी सारण भरून पहिले पाव ताटात मांडले. पुढचा गोळा उचलला तेव्हा कणीक त्यांच्या बोटाला थेट चिकटली. ओलसर, गार. त्यांनी हात उलटा केला. डाव्या हाताच्या मधल्या बोटावर मोजा पेरापर्यंतच होता. टोक सुरीने सफाईने कापलेलं होतं आणि नख उघडं पडलं होतं. बोटाला साधा ओरखडाही नव्हता. त्यांच्या शिकवणीप्रमाणे बोट वाचलं होतं.

त्यांनी चिरायची फळी पाहिली, सुरी पाहिली, ओट्याखाली वाकून फरशी पाहिली. मग त्यांची नजर पोरीवर गेली. पोरगी काहीतरी चावत होती.

काकू ओट्याला वळसा घालून पुढे आल्या आणि त्यांनी तिच्या हातातली वाटी हिसकावून घेतली.

“तोंड बघा तिचं. उघडा आधी तोंड.”

“काय झालं?”

“मोज्याचा तुकडा आहे सारणात. बघा तुम्ही.”

आईने घाबरून बोट घातलं. कोबी निघाला, गाजर निघालं. पोरीने आईचं बोट चावलं आणि मग मोठ्याने रडायला लागली. एवढं जोरात रडते आहे म्हणजे घशात काही नाही, हे लक्षात आल्यावर काकूंचा जीव भांड्यात पडला. 

काका जवळ आले. काकूंनी बोट दाखवलं. काकांनी बोटाकडे ओझरतं बघितलं आणि लगेच परातीकडे.

“हळू बोल,” ते पुटपुटले. “ताट ओव्हनमध्ये जाऊ दे. कांद्याच्या पापुद्र्यासारखं तर दिसतं ते. कुणाला लागलंच दाताखाली तर काढून ठेवतील. कळणारसुद्धा नाही.”

काकूंनी त्यांच्याकडे असं बघितलं की ते एक पाऊल मागे सरकले. मग त्या वर्गाकडे वळल्या.

“माझ्या मोज्याचं टोक कापून सारणात पडलंय. ते सापडेपर्यंत इथलं कुणी काही तोंडात घालायचं नाही.”

 शाळेत शिकवणाऱ्या एक बाई दर रविवारी मागच्या रांगेत बसत. त्या म्हणाल्या, “चमच्याने पसरून बघायचं का, काकू? आम्हीही बघतो.”

“दिसणार नाही. दिसू नये असंच बघून आणलंय.”

काकूंनी दोन्ही मोजे उतरवून ओट्यावर टाकले. अंगठी काढली. नळ सोडला आणि साबण घेतला. पंज्याच्या मागे, बेचक्यांत, नखांखाली, मनगटापर्यंत. त्या कुणाला शिकवत नव्हत्या. पाठ वर्गाकडे होती आणि त्या इतक्या जोरात घासत होत्या की साबणाचा फेस नळाच्या मागच्या फरशांवर उडत होता. राग त्यांच्या खांद्यांपर्यंत आला होता. राग मोज्यांचा होता, मापाचा होता, हात वर घ्या म्हणणाऱ्या त्या आवाजाचा होता, पण सर्वांत जास्त स्वतःचा होता. या घरात स्वयंपाकातलं त्यांना सगळं कळत होतं आणि तरी त्यांनी हे हातात चढवलं होतं.

त्यांनी दुसरी परात घेतली. ताटातले भरलेले पाव एकेक करून उकलले, आतलं सारण परत काढलं. मग मूठभर मूठभर घेऊन ते अंगठा आणि तर्जनीमध्ये चुरत पलीकडच्या परातीत टाकायला लागल्या. कांद्याचा पापुद्रा हाताला लागला की त्या थांबत, दोन्ही टोकांनी ओढत. तुटला की कांदा. डोळे त्यांनी जवळजवळ मिटूनच घेतले होते, कारण डोळे फसवत होते.

“बायकांना काळजी जरा जास्तच,” काका पाहुण्यांना म्हणाले. “तोवर चहा टाकू का सगळ्यांना?”

 चष्मेवालीने गुपचूप स्वतःचे मोजे काढून पर्सखाली ठेवले.

परात निम्मी झाली होती तेव्हा काकूंच्या चिमटीत एक पापुद्रा आला. त्यांनी ओढला. तो तुटला नाही, लांबला.

“मिळालं,” त्या म्हणाल्या.

खुर्च्या करकरल्या, कुणीतरी हुश्श केलं. तरुण आईने पोरीचा मुका घेतला. काकांनी तर टाळीच वाजवली. “बघा, झालं की नाही? उगाच घाबरलो आपण.”

काकूंनी तो तुकडा नळाखाली धुतला आणि मधल्या बोटावर चढवून बघितला. तो बसेना. आखूड होता आणि पसरट. त्यांनी तो काढून अंगठ्यावर चढवला. नीट बसला, थोडा सैलच झाला. ओट्यावर टाकलेला मोजा त्यांनी उचलून उजेडात धरला. मधलं बोट कापलेलं. अंगठा शाबूत. दुसऱ्या मोज्याचाही अंगठा शाबूत.

“हा माझा नाही,” त्या म्हणाल्या.

“म्हणजे?” शाळेतल्या बाईंनी विचारलं.

“माझं बोट कापलंय. हा अंगठा आहे.”

सगळ्यांनी आपापले हात वर करून बघितले. चष्मेवालीने पर्सखालचे मोजे बाहेर काढून पसरले. एकाही मोज्याचा अंगठा तुटलेला नव्हता. आणि सारणाला तर अजून वर्गातल्या कुणाचा हात लागलाच नव्हता.

काकूंनी हळूच मान वळवली.

“सकाळचे मोजे कुठे आहेत?”

“टाकले,” काका म्हणाले.

“अंगठा होता त्याला?”

काकांनी फोन खिशात घातला. चष्मा काढून सदऱ्याला पुसला आणि तो पुन्हा लावायचं विसरले.

“अगं, मी शोधला. बराच शोधला. तू अंघोळीला गेली होतीस. सगळी परात उपसली मी. मग म्हटलं, जाईल ओव्हनमध्ये, वितळेल.”

“मला सांगितलं का नाही?”

“तू लगेच मापावर आली असतीस.”

 काकूंना हसू येईल की काय असं क्षणभर वाटलं, कारण ते खरं होतं. त्या मापावरच आल्या असत्या. दिवसभर सोडलं नसतं. त्या एका दिवसाच्या कटकटीपायी या माणसाने वाटीत सारण काढून पोरीच्या हातात दिलं होतं आणि वर फोटो काढला होता.

काकांना त्यांचं गप्प राहणं बरं लक्षण वाटलं असावं. ते समजुतीच्या सुरात म्हणाले, “आणि असं काही नेहमी होत नाही. मागच्या रविवारी तर लगेच सापडला होता.”

बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्यांना कळलं. पण तोवर खोलीभर ऐकू गेलं होतं.

“मागच्या रविवारी,” काकू म्हणाल्या. “आणि त्याच्या आधी?”

काकांनी हातातला चष्मा डोळ्यांवर चढवला.

“सापडलेले सांगताय तुम्ही. न सापडलेले किती?”

“आता आठवत नाही गं. एखादा असेल.”

तरुण आई उठून उभी राहिली. तिने पोरीला खांद्यावर घेतलं होतं आणि तिचा हात पोरीच्या पाठीवरून सारखा फिरत होता. “मी दर वेळी डबा भरून नेते,” ती म्हणाली, कुणालाच उद्देशून नाही. “घरी हिलाच देते मी.” तिने पिशवी उचलली. दारापर्यंत गेली आणि तिथून वळून तिने काकांकडे नाही, काकूंकडे बघितलं. मग दार लागलं.

काकूंना ती नजर गालावर बसल्यासारखी वाटली. त्यांनी उरलेलं सारण, उकललेले पाव, न भरलेले गोळे, सगळं एकत्र करून कचऱ्याच्या डब्यात ओतलं. स्वतःचा तुकडा शोधायची आता गरज नव्हती. अन्न फेकताना त्यांचा हात नेहमी थांबत असे, आज थांबला नाही.

“एवढं सगळं टाकलंस?” काका म्हणाले.

“फोन काढा.”

“कशाला?”

“ग्रुप उघडा. आधी येऊन गेलेलेही सगळे असतात ना त्यात? बोलून पाठवलं की सगळ्यांना ऐकू जातं ना?”

काकांच्या लक्षात आलं. त्यांनी खिशावर हात ठेवला, आणि तो तसाच ठेवून अगदी हळू आवाजात, वर्षानुवर्षांच्या नवऱ्याच्या आवाजात म्हणाले, “अगं, असं नको करूस. जे इथे आहेत त्यांना कळलं ना? पुरे झालं. बाहेर गेलं तर रविवारी कुणी फिरकणार नाही. इतक्या वर्षांचं नाव आहे तुझं.”

“माझंच आहे ना?” काकू म्हणाल्या. “मग उघडा.”

 काकांनी फोन काढला, ग्रुप उघडला आणि फोन बायकोपुढे धरला. काकूंनी आपले कोपरापर्यंत चीज लागलेले हात दाखवले.

“तुम्ही दाबा. माझे हात भरलेत.”

“दाबून धरावं लागतं,” काका म्हणाले. “बोलणं संपेपर्यंत.”

“मग धरा,” काकू म्हणाल्या. “मधेच सोडलंत तर पुन्हा पहिल्यापासून सांगेन.”